नवसाची घसरण

गोटीराम पेंटरच्या ओट्यावर अकरा पाट्या वाळत उभ्या होत्या. सगळ्या पिवळ्या, वर काळी अक्षरं आणि प्रत्येकीवर एकेक बाण. नवसाबाई शेळीला पाला घेऊन घरी निघाली होती. तिला वाचता येत नव्हतं, पण रेशनकार्डावर, मतदानाच्या चिठ्ठीवर आणि बँकेच्या पुस्तकावर बघून बघून आपल्या नावाचा आकार तिच्या डोळ्यांत बसला होता. सातव्या पाटीवर तो आकार दिसला आणि ती थांबली.

आधी तिला बरंच वाटलं. करंजटेक गावात आजवर पाटीवर नाव आलं होतं ते पुढाऱ्यांचं, नाहीतर मारुतीच्या देवळाला फरशी देणाऱ्यांचं. तिनं पदर सारखा केला आणि मागून येणाऱ्या सुनेला हाक मारली.

"छाया, हे बघ गं. माझं नाव काढलंय. पुढं काय लिव्हलंय?"

छायानं पाटी वाचली. मनातल्या मनात वाचली आणि हातातल्या पाल्याकडे बघायला लागली.

"आत्याबाई, शेळी ओरडत असंल."

"शेळी मरंना तिकडं. वाच."

"नवसाची घसरण," छाया म्हणाली.

"आन त्याच्या खाली? ते बारीक?"

"उतरणाऱ्याने थांबावे. चढणाऱ्याला आधी वाट द्यावी."

आत ब्रश धूत बसलेल्या गोटीरामला बाहेरची शांतता ऐकू आली. तो मागच्या दारानं टमाट्याच्या वावरात निघून गेला.

ती ओळ ऐकून नवसाबाईचा चेहरा उतरला. तो का उतरला, हे कळायला अठ्ठेचाळीस वर्षं मागं जावं लागतं. ती स्वतः तिथं रोजच जात असे, त्यामुळे तिला ते काही लांब वाटत नसे.

सत्त्याहत्तर साली ती बावीस वर्षांची होती. तेव्हा दिवाळी झाली की सगळ्या बायका कावळटेकाच्या डोंगरावर गवत कापायला जात. वर पठार, पठारावर कमरेएवढं गवत. तांबडं फुटताना चढायचं, विळ्यानं कापायचं, भारे बांधायचे आणि ऊन तापायच्या आत उतरायचं. खाली सडकेवर नाशिकच्या गोठेवाल्यांचा ट्रक उभा असे. एकेक भारा पाऊण मणाचा. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर भारा, आणि भाऱ्याचं गवत असं झुलून डोळ्यांवर येई की समोरची हातभर वाट दिसली तरी पुष्कळ. स्वतःचे पाय तर दिसतच नसत. पायांना वाट पाठ होती, एवढ्यावर सगळं चालायचं.

डोंगराला एकच वाट होती आणि त्या वाटेला एकच कायदा होता. भारा घेऊन उतरणारीला वाट द्यायची. मोकळ्या डोक्यानं चढणारीनं डोंगराच्या अंगाला सरून उभं राहायचं. हा कायदा कुठं लिहिलेला नव्हता. नवी सून पहिल्यांदा डोंगरावर निघाली की सासू तिला दोन गोष्टी सांगे. एक, विळा कमरेला उलटा खोचायचा. दुसरी ही.

वाटेत एक वळण होतं. एका बाजूला कातळ आणि त्याला लागून करवंदीची जाळी, दुसऱ्या बाजूला थेट ओढ्यापर्यंत उतार. तिथं नवसा उतरत होती आणि दुसऱ्या खेपेला चढणारी कुसा समोर आली. कुसा म्हणजे कुणी परकी नव्हे. दोघी एकाच वर्षी लग्न होऊन गावात आलेल्या. एकीची चुंबळ विसरली तर दुसरी आपली फाडून अर्धी देई. सासवांची नक्कल करायला दोघींना डोंगरच लागे, कारण खाली सासवा होत्या.

"सर गं कुसा, सर," नवसा ओरडली.

कुसा सरली नाही. वाटेच्या मधोमध उभी राहून तिनं नुसता हात हलवला. गवताच्या आडून नवसाला तो हात तेवढा दिसला. मागं हो, मागं हो, असा. तोंडानं एक शब्द नाही. नवसानं पाय रोवायला बघितलं, पाय निसटला, भारा एकीकडे गेला आणि ती बसल्या बैठकीनं दुसरीकडे. घसरत गेली ती थेट ओढ्याच्या पाण्यात. दिवाळीचं हिरवं लुगडं मागून फाटलं. खाली सडकेवर सासरा उभा होता, आणि ट्रकच्या ड्रायव्हरनं मोठ्या हौसेनं हॉर्न वाजवला.

संध्याकाळी पारावर चार जाणती माणसं बसली. त्यांनी कुसाला विचारलं, "वाट दिलीस का नाय?"

"नाय दिली," कुसा म्हणाली.

चूक कुसाची ठरली. तिनं मारुतीला नारळ फोडला आणि त्या दिवसापासून नवसाशी बोलणं टाकलं. नवसानं तर ओढ्यातून वर येतानाच टाकलं होतं. मात्र गावानं एका हातानं न्याय दिला आणि दुसऱ्या हातानं त्या वळणाला नाव ठेवलं, 'नवसाची घसरण'. निकाल आपल्या बाजूनं आहे, या एका गोष्टीवर नवसाबाईनं ते नाव अठ्ठेचाळीस वर्षं सोसलं होतं.

बोलायचं नाही म्हटल्यावर भेटायचंही नव्हतं. कुसाच्या वरच्या आळीतल्या बायकांनी ती वाट सोडली आणि पलीकडच्या खिंडीतून झाडोरा तोडत दुसरी वाट पाडली. तेव्हापासून डोंगराला दोन वाटा झाल्या. खाली शाळेजवळ फुटणाऱ्या, वर पठारावर मिळणाऱ्या.

यंदा पाऊस सरला आणि नाशिकहून प्रतिभा आली. पस्तिशीची, बँकेत नोकरीला, सुट्टीच्या दिवशी जाड चाकांच्या सायकली घेऊन डोंगर धुंडाळणाऱ्या मंडळींची म्होरकी. तिनं दोन्ही वाटा फिरून बघितल्या आणि तिला हर्षवायू व्हायचा बाकी राहिला. हव्या त्या वाटेनं चढा, दुसरीनं उतरा, पुन्हा जिथून निघाला तिथंच या. अशी वाट मुद्दाम आखायची तर महिने लागतात, म्हणाली.

"कुणी आखली हो ही?" तिनं गोटीरामला विचारलं.

"भांडणानं," गोटीराम म्हणाला.

प्रतिभानं येताना नावांची यादीही आणली होती. ड्रॅगनची शेपटी, रोलर कोस्टर, असली. गोटीराम म्हणाला, "ताई, इथं ड्रॅगन कुणी बघितलेला नाय. डोंगराला नावं हायेत आधीपासूनची." मग ग्रामपंचायतीत बसून त्यानं नावं सांगितली आणि तिनं ती लिहून घेतली. खिंडीची वाट, गवताची वाट, वानरटोक, म्हसोबाचं पाणी. सातवं नाव सांगताना त्यानं जरा आजूबाजूला बघितलं होतं, पण सांगितलं होतं.

तर आता शुक्रवार होता, आणि रविवारी सायकलींची स्पर्धा. नवसाबाई पाला तसाच काखेत धरून शाळेच्या मैदानावर गेली. प्रतिभा तिथं दोऱ्या बांधत होती.

"बाई, ती सातवी पाटी कुणाची?"

"आजी, नमस्कार. का हो? गवताच्या वाटेवरच्या वळणाची आहे ती."

"मीच नवसा."

प्रतिभाच्या हातातली दोरी सुटली. "अगं बाई! म्हणजे तुम्ही... तुम्ही आहात अजून? मला वाटलं, जुनी काहीतरी दंतकथा असेल."

"दंत पडले, कथा हाय. ती खालची ओळ पुसा."

"ती नाही हो पुसता येणार. नियम आहे तो. सायकलवाले सगळीकडे पाळतात. चढणारा एकदा थांबला की त्याला चढावर परत सुरुवात करता येत नाही. उतरणाऱ्याचं काय, तो ब्रेक दाबून थांबू शकतो."

"आन डोक्यावर पाऊण मण गवत असलं म्हंजे ब्रेक कुढं असतो?"

प्रतिभा सुटलेली दोरी उचलायला वाकली. नवसाबाई तिच्याजवळ सरकली.

"हे बघ पोरी. नाव ऱ्हाऊ दे एक वेळ. पडले ते पडले, साऱ्या गावानं बघितलं. पण चूक तिची ठरली होती. पारावर ठरली होती. आता रविवारी दोनशे माणूस येनार, वर वाचनार नवसा पडली, आन खाली वाचनार तिनंच थांबायला पाहिजे होतं. माझा निकाल फिरवला तुझ्या पाटीनं."

प्रतिभानं तिला बाकावर बसवलं, बाटलीतलं पाणी दिलं, आणि समजूत काढायला म्हणून सांगितलं की वाटांना अवघडपणाप्रमाणे रंग असतात. हिरवा सोपा, निळा मधला, काळा सगळ्यात कठीण. "अख्ख्या डोंगरावर काळा रंग एकाच जागेला दिलाय, आजी. तुमच्या वळणाला."

नवसाबाईनं हे मनात घोळवलं. "म्हंजे तिथं पडलं तर नवल नाय."

"मी स्वतः तीनदा पडलेय."

"कुठवर गेलीस?"

"उतारावर तो पांगारा आहे ना, तिथपर्यंत."

"पांगाऱ्यापर्यंत!" नवसाबाईला पोरीची कीव आली. "मी पार पान्यात गेले होते."

पण खालची ओळ काही तिच्या मनातून जाईना. तिकडे कुसाबाईपर्यंत बातमी पोचली होती. तिनं गोटीरामच्या ओट्यावर येऊन ती पाटी तीनदा वाचून घेतली आणि तिसऱ्या वेळी उभ्या असलेल्या माणसांना गूळ वाटला. हे छायानं येऊन सांगितल्यावर नवसाबाई बाकावरून उठली ती थेट प्रतिभाच्या सायकलीसमोर उभी राहिली. पुसत नाहीस तोवर हलत नाही, म्हणाली.

शेवटी प्रतिभानंच तोड काढली. "उद्या चार वाजता तुम्ही दोघी वळणावर या. जसं झालं तसं मला दाखवा. कोण थांबू शकतं, कोण नाही, ते मी डोळ्यांनी बघते. मग जे दिसेल ते पाटीवर लिहू."

शनिवारी चार वाजता गाव डोंगराला लागलं. एवढी माणसं ग्रामसभेलाही जमत नाहीत. कातळावर पोरंटोरं बसली, मोबाइल वर झाले, आणि गोटीरामला काळ्या-पिवळ्या रंगांचे डबे, ब्रश आणि ती सातवी पाटी घेऊन मध्ये उभं करण्यात आलं. त्याला तिथून पळायला मागचं दार नव्हतं.

दोन्ही बायका दहा हातांवर समोरासमोर होत्या, पण बोलणं नव्हतं. अठ्ठेचाळीस वर्षांत असं कैक वेळा झालं होतं, हळदीकुंकवात, दळणाच्या रांगेत. त्यासाठी एक तिसरं माणूस लागायचं. आज ते गोटीराम होता.

"गोटीराम, त्यांना म्हनावं, मला भारा मोठा पाहिजे," नवसाबाई म्हणाली. "असला पेंढीएवढा नव्हता तवा."

"कुसाकाकू, त्या म्हणत्यात—"

"ऐकलं मी. गोटीराम, त्यांना सांग, सत्तर वर्सांच्या बाईनं पाऊण मण घेतला तर उद्या तिच्या नावाची आनखी एक पाटी लावावी लागंल."

लोक हसले. छायानं सासूला स्पष्ट सांगितलं, "आत्याबाई, यापेक्षा एक काडी जास्त देणार नाय मी. पाहिजे तर मला घेऊन जा डोक्यावर." म्हणून भारा छोटाच राहिला. पुढं जे झालं ते त्या छोट्या भाऱ्यामुळे झालं.

प्रतिभानं हात वर केला. नवसाबाई वरून निघाली. एक हात भाऱ्याला, पाय आडवे टाकत. चार पावलं टाकली आणि पायांना सगळं आठवलं. कुठला दगड हलतो, कुठला नाही. नाकाला तोच वाळत्या गवताचा वास आला. खालून कुसाबाई काठी टेकत चढत होती. आधीच बारीक, त्यात वाळलेली, दर तीन पावलांना थांबून श्वास घेणारी. तिला असं चढताना नवसाबाईनं कधी बघितलंच नव्हतं. खिंडीतल्या वाटेवर बघायला जाणार कोण?

वळण आलं. करवंदीची जाळी आली. कुसाबाई वाटेच्या मधोमध उभी राहिली आणि तिनं हात हलवला.

नवसाबाईच्या डोक्यात तोच जुना भडका उडाला. तोंडात आलंच होतं, सर गं, सर. पण आज भारा छोटा होता, गवत डोळ्यांवर येत नव्हतं, आणि कुसा अख्खी दिसत होती. तो हात मागं हो म्हणत नव्हता. तळवा खाली करून तो हवेला थोपटत होता, झोपलेल्या लेकराला थोपटावं तसा. हळू, हळू. आणि दुसरा हातही होता की! काठी बगलेत धरून त्या हाताचं एक बोट करवंदीच्या जाळीकडे रोखलेलं होतं. ओठ घट्ट मिटलेले.

नवसाबाई उभी राहिली.

"गोटीराम," तिनं सुरुवात केली, आणि मग गोटीरामला राहू दिलं. "काय गं ते दाखवतीस?"

छायाला लग्न होऊन चोवीस वर्षं झाली होती. सासूनं कुसाबाईला सरळ विचारलेला हा पहिला शब्द.

"गांधील," कुसाबाई ओठ फारसे न हलवता म्हणाली.

नवसाबाईनं दचकून जाळीकडे बघितलं. "कुढं?"

"आता नाय. तवा होतं. हे एवढं पोळं, सुपाएवढं. डोंगराच्या अंगाला सरले असते तर माझं डोकंच गेलं असतं त्यात. आन तू वरून भारा घेऊन. पळाली असतीस का भारा घेऊन?"

"मग तोंडानं सांगायचं ना, मेले!"

"तोंड उघडलं की गांधील आवाजावर येतं, असं माझी आय सांगायची. म्हनून हातानं सांगितलं, हळू ये, हळू ये. तू आलीस गाडीवानी."

"अन पारावर का नाय बोललीस?"

"त्यांनी काय विचारलं? वाट दिली का नाय. नाय दिली म्हटलं. का नाय दिली, ते कुनी विचारलं का? तू विचारलंस का?" कुसाबाईचा श्वास लागला होता, तरी ती थांबेना. "नारळ फोडला मी फुकट. चांगला पानीदार होता."

छाया भारा उतरवायला पुढं झाली, तिला नवसाबाईनं हातानंच थांबवलं. मग ती ओढ्याच्या अंगाला, अगदी कडेला सरली.

"जा. तू जा आधी. चढतीस, दम लागलाय."

"छे. भारा तुझ्या डोक्यावर हाय. तू आधी." कुसाबाई जाळीत सरकली, करवंदीचे काटे पदराला लागेपर्यंत.

"अगं, भारा कसला, पेंढी हाय. तू आधी."

"कायदा म्हंजे कायदा. तू आधी."

"पाटीवर काय लिव्हलंय? चढनारीला वाट. तू आधी!"

"पाटी गेली खड्ड्यात. तू आधी म्हटलं ना!"

आवाज चढत गेले. आता दोघींना राग येत होता, आणि या वेळचं भांडण मिटायला पाराचाही उपयोग झाला नसता, कारण दोघीही हरायला बसल्या होत्या. वर पठारावरून सरावाला निघालेले तीन सायकलवाले मागं येऊन अडकले. खालून दोघे आले, तेही अडकले. पोरांनी शेंगा सोलायला घेतल्या. ऊन कलायला लागलं तसा गोटीरामनं डबे खाली ठेवले आणि प्रतिभाजवळ जाऊन बसला.

"ताई, काय लिहायचं ते लवकर सांगा. रंग घट्ट व्हायला लागलाय."

प्रतिभानं आपल्या वहीत काहीतरी खोडलं. "पहिलं म्हणजे उद्या वाट एकेरी करू या. चढायचं खिंडीनं, उतरायचं गवताच्या वाटेनं. बाण तसे करा. या जागी कुणी समोरासमोर यायलाच नको. आपल्याला परवडणार नाही."

"आन नाव?"

वळणावरून पुन्हा दोन आवाज एकदम आले. प्रतिभानं तिकडे बोट केलं. गोटीरामनं मान डोलावली, सातव्या पाटीवर पिवळा हात फिरवला, आणि तो वाळेपर्यंत तीनच अक्षरांचा हिशोब मनात जुळवत बसला.

अखेर दोघींना छायानंच हलवलं. तिनं भारा काढून जाळीवर फेकला, एकीचा उजवा हात धरला, दुसरीचा डावा, आणि दोघींना आडव्या चालीनं शेजारी शेजारी खाली आणलं. ती वाट एका माणसाची आहे, दोन माणसं तिथून एका वेळी जात नाहीत, असं त्या दोघी वाटभर तिला ओरडून सांगत होत्या.

रविवारी दोनशे सायकली आल्या. सातव्या पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'तू आधी'. खाली दुसरी ओळ नव्हती. प्रत्येक अवघड वळणावर स्पर्धेचं एक माणूस उभं करावं लागतं. या वळणावर प्रतिभानं दोन बसवली. नारिंगी जाकिटं लुगड्यावर चढवून, गळ्यात शिट्ट्या अडकवून नवसाबाई आणि कुसाबाई कातळावर बसल्या होत्या. मध्ये भाजलेल्या शेंगांची पुरचुंडी. शिट्टी कुणीच वाजवली नाही. सायकलवाला दिसला की कुसाबाई तळवा खाली करून हवेला थोपटायची, आणि नवसाबाई तोंडानं सांगायची, "हळू ये रे, हळू ये. ती हळूच म्हनती."

बहुतेकांनी ऐकलं. एकानं ऐकलं नाही. उंच, दांडगा, नाशिक रोडचा कुणी पोरगा होता. वळणावर पुढचं चाक फिरलं, सायकल एकीकडे गेली आणि तो बसल्या बैठकीनं दुसरीकडे. पांगारा ओलांडून, दोन कोलांट्या खाऊन तो एका झुडपात थांबला. लागलं नव्हतं. हेल्मेट सावरत, मागचा फाटलेला भाग हातानं झाकत तो वर आला, आणि समोर दोन म्हाताऱ्या आपल्याकडे मोठ्या जाणतेपणानं बघताहेत हे बघून लाजला.

नवसाबाईनं उतारावरची ताजी घसरण वरपासून खालपर्यंत नजरेनं मोजली.

"बरी होती," ती म्हणाली. "पन माझी याच्यापेक्षा लांब होती."

पोरगा हसला. त्याचा विश्वास बसला नव्हता. तेव्हा नवसाबाईनं शेजारी बघितलं. अख्ख्या जगात तिची घसरण जवळून बघितलेलं एकच माणूस होतं, आणि ते शेंगा सोलत बसलं होतं.

"दुप्पट," कुसाबाई म्हणाली. "मी बघितली ना."